शंकासमाधान शीट : नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधल्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

प्रकल्पाचं नाव शेठनी ठेवलंय 'डिजिटल'. म्हणजे नेमकं काय, ते माझ्यावर सोडलंय. मला समजलेलं काम असं: १८६ प्लॉट, १३१ बागायतदार, अकरा रजिस्टरं आणि चार कॉम्प्युटरांवर विखुरलेल्या फायली, सगळं एक्सेलच्या एका वर्कबुकात आणायचं. मुदत जानेवारीचा पहिला आठवडा. त्यानंतर माल सुरू झाला की इथे जेवायला सवड नसते, फायली कोण आवरणार.

सकाळभर फायली मोजल्या. 'द्राक्ष फायनल', 'द्राक्ष फायनल २', 'द्राक्ष खरं फायनल' आणि एक 'हीच वापरा'. 'हीच वापरा' २०१९ ची निघाली.

पहिली शंका दुपारच्या चहाला, अकाउंटच्या ताईंची. "मॅडम, सगळं एकाच एक्सेलमध्ये कोंबलं आणि ते भरलं तर?"

"ताई, एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम असतात. तुमचा वेग रोजच्या तीस ओळींचा. रविवारी सुट्टी न घेता आलात तरी ९५ वर्षं पुरेल. भरत आलं की हाक मारा."

ताई हसल्या नाहीत. कॅल्क्युलेटरवर ९५ बरोबर येतात का ते बघत होत्या.

३ डिसेंबर, मंगळवार

शेठच्या भाच्याला सगळे भाचेबुवा म्हणतात. वय बावीस, हातात टॅब, प्लॉटवर जाऊन माहिती आणण्याचं काम. आज धावत आला. "मॅडम, एक्सेलनं मामांच्या रकमेला पासवर्ड लावलाय! नुसत्या फुल्या दिसताहेत."

फुल्या नव्हेत, त्या जाळीसारख्या खुणा. कॉलम अरुंद असला आणि आकडा मावला नाही की एक्सेल अर्धवट आकडा दाखवत नाही, जाळी दाखवतं. हे त्याचं शहाणपणच. दहा लाखांतलं शेवटचं शून्य कापून एक लाख दाखवलं असतं तर?

उत्तर दिलं ते असं: "भाचेबुवा, आकडा ठीक आहे, कापड कमी पडलंय. कॉलमच्या माथ्यावरच्या रेघेवर डबल क्लिक करा, सैल होईल. लग्नानंतर शर्टाचं करतात तेच."

५ डिसेंबर, गुरुवार

ताई कॅल्क्युलेटरवर बेरीज करतात आणि ती एक्सेलच्या शेवटच्या सेलमध्ये टाइप करतात. तीन वर्षं हे चाललंय. आज त्यांची तक्रार अशी की वरचा आकडा बदलला तरी खालची बेरीज बदलत नाही, तर एक्सेल बिघडलंय का.

"नाही ताई, बिघडलेलं नाही. तुम्ही गॅस पेटवून त्यावर रिकामा कुकर ठेवलाय आणि भात शेजारच्यांकडून आणताय. कुकरला काय कळणार, भात झाला की नाही ते?"

सम, म्हणजे बेरजेचं सूत्र, शिकवलं. त्यांनी सममधून आलेली बेरीज कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिली. मग समाधानानं मान हलवली, एक्सेलला पास केल्यासारखी.

९ डिसेंबर, सोमवार

आजचा दिवस गट नंबरांनी खाल्ला.

भाचेबुवा: "मॅडम, मी सातबारा लिहिला तर सात डिसेंबर आला."

बघते तर खरंच. कॉलमचं नाव 'उतारा', त्यात त्यानं ७/१२ टाकलं आणि एक्सेलनं तारीख समजून घेतली. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण गट नंबरांच्या कॉलमातही तोच प्रकार. गट १२/२ चा झाला १२ फेब्रुवारी. गट ३/४५ चा झाला मार्च १९४५. दोन आकडी वर्ष ३० च्या पुढचं असलं की एक्सेल ते मागच्या शतकात नेऊन ठेवतं. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं परवा गोडी छाटणीनंतरचा डिपिंगचा (घड द्रावणात बुडवायचा) खर्च सांगितला, त्याचं शेत स्वातंत्र्यापूर्वीचं निघालं.

त्यावर भाचेबुवांनी स्वतःच उपाय केला. सगळा कॉलम निवडून 'टेक्स्ट' फॉर्मॅट लावला. आता १२/२ च्या जागी ४५३३४. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. १२ फेब्रुवारी २०२४ हा पंचेचाळीस हजार तीनशे चौतिसावा दिवस.

"मॅडम, हा गट ४५३३४ कुठल्या शिवारात येतो?"

"एक्सेल बुद्रुकमध्ये. तिथला तलाठी कुणाला सापडत नाही."

उपाय साधा: टाइप करण्याआधी कॉलम टेक्स्ट करायचा, किंवा आकड्याच्या आधी एक स्वल्पविरामासारखी वरची खूण द्यायची. आधी. नंतर केलं की गाडी गेलेली असते. ६३ गट नंबर पुन्हा रजिस्टरातून टाकले. रजिस्टर अण्णांचं.

भाचेबुवांना वाईट वाटू नये म्हणून (शेठचा भाचा आहे) सांगितलं की ही फजिती मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, आणि तशाच चुका शोधनिबंधांत छापून यायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं नावंच बदलली. मार्च-१ चं मार्चएफ-१ झालं, सेप्ट-१ चं सेप्टिन-१. एक्सेलपुढे माणसाच्या जनुकांनी हात टेकले. पण दिंडोरी तालुक्यातल्या गट नंबरांना कोण हात लावणार?

अण्णा कोपऱ्यातून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "एकोणीसशे सालापासून दिवस मोजतं म्हणता. मग त्या सालचा फेब्रुवारी किती दिवसांचा धरतं?"

"एकोणतीस."

"अहो, त्या साली अठ्ठावीसच होते."

बरोबर आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. एक्सेल मानतं, कारण त्याच्या आधीचं लोटस १-२-३ मानायचं, आणि लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून ती चूक तशीच उचलली. अण्णांनी यावर काही म्हटलं नाही. फक्त चष्मा वर केला.

१० डिसेंबर, मंगळवार

अण्णांबद्दल लिहून ठेवायला हवं. १९८१ साली रविवार कारंज्यावरच्या एका पेढीवर लागले. इथे येऊन त्यांना बावीस वर्षं झाली. निळी शाई, लांबट रजिस्टर, पानाच्या उजव्या कोपऱ्याला अंगठ्याच्या हळदीचा डाग. गाव पानावर एकदाच लिहायचं, 'मोहाडी', आणि त्याखाली शेवटपर्यंत दोन-दोन तिरक्या रेघांच्या खुणा. म्हणजे वरीलप्रमाणे. दिसायला देखणं, मोत्यासारखं.

आज त्यांनीच विचारलं, हे प्रकरण निघालं कधी. मी सांगितलं: १९७९ साली, व्हिसिकॅल्क नावानं, ॲपल-२ वर. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला ते सुचलं. वर्गात फळ्यावर हिशेबाचा तक्ता असायचा. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. बॉब फ्रँकस्टन आणि त्यानं मिळून ते बांधलं. एक्सेल १९८५ चं, तेही आधी मॅकवर आलं.

"म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी जुनं," अण्णा म्हणाले. "मग अजून चुका का करतं?"

१२ डिसेंबर, गुरुवार

अण्णांनी मोहाडीच्या चौदा ओळी एक्सेलमध्ये भरल्या. गावाच्या कॉलममध्ये पहिल्या ओळीत 'मोहाडी', खाली तेरा सेलमध्ये अवतरणचिन्हं. मी म्हटलं, अण्णा, एक्सेलला वरीलप्रमाणे कळत नाही. तासाभरानं बघते तर अवतरणचिन्हं गेलेली, आणि चौदाच्या चौदा सेल मर्ज करून मधोमध एकच मोहाडी. दिसायला पुन्हा देखणं.

फिल्टर लावला. मोहाडीचा एकच शेतकरी आला.

"बाकीचे कुठे गेले?" अण्णांची शंका.

"लग्नाला. अण्णा, तुम्ही चौदा घरांची भिंत पाडून एक दिवाणखाना केलात. पोस्टमन पहिल्या दारात पत्रं टाकून गेला. बाकीच्यांना पत्ताच नाही."

अनमर्ज केलं, प्रत्येक ओळीत मोहाडी भरलं. संध्याकाळी निघताना पाहिलं तर शीर्षकाच्या ओळीचे सेल पुन्हा मर्ज. म्हटलं असू दे, शीर्षक आहे. वाद किती घालायचा माणसानं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

त्याच त्या शंकांना रोज तोंडानं उत्तरं देऊन घसा बसला. वर्कबुकात एक नवीन शीट काढली, नाव 'शंकासमाधान'. चार कॉलम: क्रमांक, शंका, कोणाची, उत्तर. इथली दिलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवली. काही नमुने, बाकीचे तिथेच वाचावेत.

शंका ५: निम्मे शेतकरी गायब झाले. उ.: फिल्टर लावून जेवायला गेलात. डावीकडचे ओळींचे आकडे निळे दिसताहेत ना? शेतकरी आहेत, तुम्ही पडदा ओढलाय.

शंका ७: खाते नंबरचं शेवटचं शून्य माझं नाही. उ.: एक्सेल आकड्याचे पंधराच अंक लक्षात ठेवतं. सोळावा आला की शून्य करून टाकतं. सोळा अंकी खाते नंबर टेक्स्ट म्हणून टाका, नाहीतर द्राक्षाचे पैसे पाहुण्यांच्या खात्यात जातील आणि पाहुणे परत करणार नाहीत.

शंका ९: बाण दाबला की सेल हलत नाही, सगळं पान हलतं. उ.: म्हणजे तुम्ही कीबोर्डवर जेवलात. काहीतरी सांडून स्क्रोल लॉक दाबलं गेलंय. ते काढा. आणि जेवण बाहेर.

शीट लोकप्रिय झाली. इतकी की भाचेबुवा मुद्दाम शंका काढून आणतो. ग्रेडिंगच्या बायकांनी त्याच्याकडून वाचून घेतली आणि त्यांची एक शंका घातलीय: 'एक्सेलमध्ये पगार वाढवता येतो का?' उ.: येतो. सेव्ह करता येत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

शेठ आले. त्यांना शेतकऱ्याच्या पेमेंट व्हाउचरवर आकडा टाकला की 'अक्षरी रुपये' आपोआप हवेत. "साधं काम आहे मॅडम, एवढं तर येतच असेल त्याला."

"छान प्रश्न आहे शेठ. बऱ्याच जणांना पडतो."

येतं, पण थाई भाषेत. बाहटटेक्स्ट नावाचं फंक्शन आहे, ते कुठल्याही रकमेचे अक्षरी थाई बाट करून देतं. आपल्या रुपयासाठी असं काही आयतं नाही, मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो. बँकॉकच्या बागायतदाराची सोय झाली, बागलाणच्याची राहिली. हे शेवटचं वाक्य शेठसमोर बोलले नाही, इथे लिहिते.

शेठ गेल्यावर अण्णा म्हणाले, "आम्ही विचारलं की लग्नाला गेले, पोस्टमन आला. शेठनी विचारलं की छान प्रश्न."

"अण्णा, शेठ पगार देतात."

"तेच म्हणतोय."

२० डिसेंबर, शुक्रवार

क्षेत्राचा कॉलम भरून झाला. १८६ पैकी १८६. एकूण ४०२.३ एकर. दुपारी शेठना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला. (एक्सेलचा फोटो काढून पाठवावा लागतो, फाइल त्यांच्याकडे उघडत नाही म्हणे. असो.)

संध्याकाळी निघायच्या घाईत अण्णांची शंका: "मॅडम, ह्यात एकर चाळिसाला होतो की शंभराला?"

स्कूटरची किल्ली हातात. सिडकोपर्यंत जायचं, द्वारका चौकाचा ट्रॅफिक डोळ्यांपुढे. म्हटलं, "अण्णा, एक्सेलमध्ये आकडे पिकतात, गुंठे नाही."

उत्तर मलाच आवडलं. शंका १४ म्हणून शीटमध्ये टाकलं.

२३ डिसेंबर, सोमवार

२००८ च्या आसपासच्या मराठी फायली. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या. उघडल्या की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि वळवळणाऱ्या रेघा. ताई: "मॅडम, ह्या रशियन शेतकऱ्यांकडून आपण कधी माल घेतला?" आज पहिल्यांदा एखाद्या शंकेवर माझ्याकडे उत्तर नव्हतं, इतकी ती चांगली होती. कन्व्हर्टरनं ऐंशी टक्के निघाल्या, बाकी हातानं.

३१ डिसेंबर, मंगळवार

गारठा. बोटं कीबोर्डवर वळत नाहीत. अण्णांच्या कॉम्प्युटरवर फाइल अजून जुन्या, २००३ च्या फॉर्मॅटात सेव्ह होते. बदला म्हटलं तर भाचेबुवा: "त्यानं काय बिघडतं?"

बिघडतं ते असं. जुन्या फॉर्मॅटात ६५,५३६ ओळींपुढे जागा नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोनाचे प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या फॉर्मॅटच्या फायलींत ओढले जात होते. फाइल भरली, पुढचे रुग्ण बाहेरच राहिले. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला.

"म्हणजे ताईंची पहिली शंका बरोबर होती," भाचेबुवा म्हणाला. "भरलं तर?"

गप्प बसले. ताईंनी ऐकलं की नाही कळलं नाही, कॅल्क्युलेटरची बटणं वाजत होती.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

ऑडिट. परदेशी माल जायचा तर प्रत्येक पेटीवरून मागे जात जात प्लॉटपर्यंत पोचता आलं पाहिजे. ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, रेसिड्यूचा (औषधाच्या उरलेल्या अंशाचा) रिपोर्ट, सगळ्यांचा मेळ. तेवढ्यासाठीच तर हे वर्कबुक.

काल रात्री शंकासमाधान शीटवर राइट क्लिक करून 'हाइड' केलं. काम फत्ते, असं वाटलं होतं.

ऑडिटर साहेब शांत माणूस. डाव्या हाताला चिवड्याची बशी, उजव्या हाताला आमचा कीबोर्ड. तीन प्लॉट मागे मागे शोधून दाखवले, तिन्ही बरोबर निघाले. मग त्यांनी स्वतः बाण दाबला.

"हे सेल का हलत नाही? पूर्ण पान सरकतंय."

"छान प्रश्न आहे सर. बऱ्याच जणांना पडतो. स्क्रोल लॉक असेल, मी बघते."

कोपऱ्यात अण्णांना खोकला आला.

पुढे झालं ते असं, की लपवलेल्या शीट उघडून बघणं ही ऑडिटरांची सवयच असते. राइट क्लिक, 'अनहाइड', आणि शंकासमाधान समोर. ते वाचत गेले. पाचवी, सातवी. नवव्या शंकेवर थांबले. 'म्हणजे तुम्ही कीबोर्डवर जेवलात.' त्यांनी चिवड्याची बशी उचलली, टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवली, हात रुमालाला पुसले आणि पुढचं वाचायला लागले.

शेरा एकच लिहिला: 'अनावश्यक शीट मुख्य फाइलमधून वेगळी करावी.' शीट वेगळ्या फाइलमध्ये हलवली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अण्णांनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

१८ जानेवारी, शनिवार

पहिल्या आठवड्याचा काढणीचा अंदाज प्रत्यक्ष मालाशी जुळेना. आमचं गणित: प्लॉटचं क्षेत्र गुणिले एकरी ८ टन. मोहाडीच्या एका प्लॉटवरून १७.६ टन यायला हवे होते, २० आले. अडीच टनांच्या आसपास जास्त माल म्हणजे पाच किलोच्या ४८० पेट्या. पेट्या नव्हत्या, पेटीत द्राक्षं टिकवणारे ग्रेप गार्डचे कागद नव्हते, माल गार करायला प्रीकूलिंगला जागा नव्हती. सुपरवायझर माझ्या नावानं शंख करत होता. मी म्हटलं शेतकऱ्यानं शेजारचा माल घुसवला असेल. हे मी बोलले, लिहून ठेवते.

दुसऱ्या प्लॉटवर तेच. तिसऱ्यावर नाही.

रात्री साडेआठला अण्णांचं रजिस्टर उघडलं. पहिल्या प्लॉटसमोर निळ्या शाईत: २.२०. एक्सेलमध्ये: २.२. बरोबरच आहे की. मग तिसऱ्या प्लॉटसमोर बघितलं: ३.००.

आणि पोटात खड्डा पडला.

२.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर हे मला माहीत नाही असं नाही, आजोबांची जमीन निफाडला होती, लहानपणापासून ऐकलंय. पण दशांश चिन्ह दिसलं की माझ्यातला तालुका झोपी जातो आणि कॉम्प्युटरचा डिप्लोमा जागा होतो.

अण्णा महिन्यापूर्वी किल्लीच्या आवाजात विचारत होते: चाळिसाला की शंभराला?

२० जानेवारी, सोमवार

नुकसान मोजलं. अण्णांच्या रजिस्टरातली एकूण बेरीज (त्यांनी ती केव्हाच करून ठेवली होती, शेवटच्या पानावर, दुहेरी रेघेखाली): ४२८ एकर १० गुंठे. माझी ४०२.३. जवळजवळ २६ एकर द्राक्षबाग एक्सेलमध्ये बुडाली होती, आणि शेठनी तिला अंगठा दाखवला होता.

दुरुस्ती वाटते तेवढी सोपी नाही. ज्या सेलमध्ये .७५ आहे ते नक्की दशांश एकर, कारण गुंठे ३९ च्या पुढे जातच नाहीत. ते भाचेबुवाच्या टॅबवरून आलेले १९ प्लॉट. ते सोडून दिले. खरी गोची २.२ ची. एक्सेल शेवटचं शून्य टाकून देतं, त्यामुळे २.२० आणि २.२ एकच दिसतात. पण भाचेबुवानं काही ठिकाणी दोन एकर दोन गुंठ्यांसाठीही २.२ टाकलं होतं. त्याला २.०२ लिहायला हवं होतं. फाइलवरून हे ओळखायला मार्ग नाही. असे ११ प्लॉट. रजिस्टर, पुन्हा रजिस्टर. अण्णा पानं उलटत होते, मी टाइप करत होते. ते एकदाही म्हणाले नाहीत की मी म्हटलं होतं.

बाकीच्यांसाठी एक गंमत सापडली. डॉलरडीई नावाचं फंक्शन आहे. अमेरिकेत शेअरचे भाव २००१ पर्यंत डॉलर आणि सोळांश असे सांगायचे, रोख्यांचे बत्तिसांशात. त्या अपूर्णांकांचे दशांश करायला ते केलंय. त्याला बत्तीसऐवजी चाळीस सांगितलं: =डॉलरडीई(बी२,४०). २.२० चे २.५ आले. न्यूयॉर्कच्या दलालांसाठी केलेलं यंत्र मोहाडीच्या गुंठ्यांना चपखल बसलं. अण्णांना दाखवलं. म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडेही शंभराला होत नव्हतं."

तात्पुरतं हे. कायमचा इलाज म्हणजे दोन वेगळे कॉलम, एकर आणि गुंठे. गुंठ्यांच्या कॉलममध्ये ३९ च्या वर टाकलं की एक्सेल घेणारच नाही, असं बंधन घातलं. तिसऱ्या कॉलममध्ये गुंठे भागिले चाळीस मिळवून क्षेत्र. एकूण ४२८.२५. अण्णांचे १० गुंठे म्हणजे पाव एकर. जुळलं.

जेवताना आठवलं. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा देशांच्या कर्जावरचा २०१० चा निबंध जगभर गाजला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेल शीट मागून घेतली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्या राहिल्या होत्या. इतरही आक्षेप होते, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पाच ओळी. पाच देश गेले त्यांचे, माझे सव्वीस एकर. डबा तसाच अर्धा ठेवला.

शेठना फोन करून सांगितलं. बराच वेळ शांतता. मग: "मॅडम, पण एक्सेलला हे कळायला नको का?"

छान प्रश्न आहे, असं म्हणाले नाही. म्हटलं, "शेठ, एक्सेलला कळलं नाही, मला कळायला हवं होतं." पेट्यांची जादा ऑर्डर आजच गेली.

२५ जानेवारी, शनिवार

नवीन अंदाजावर चार दिवस झाले. सगळ्यात मोठा फरक ४० पेट्यांचा, तो चालतो. ताई आता सम वापरतात आणि महिन्यातून एकदाच कॅल्क्युलेटरवर पडताळतात. भाचेबुवा गट नंबरच्या आधी ती वरची खूण न चुकता देतो, इतकी की मोबाइल नंबरांनाही देतो.

शंकासमाधानमधली शंका १४ आज काढून टाकली. त्या जागी माझी शंका घातली: '२.२० म्हणजे अडीच का?' कोणाची: मॅडम. उत्तराचा सेल रिकामा ठेवला आणि अण्णांना म्हटलं, हे तुम्ही भरा, मनात येईल ते लिहा, मी बघणार नाही.

एका बोटानं टाइप करत बसले होते. तिसऱ्या कंटेनरचं लोडिंग होईपर्यंत त्यांचं चाललं होतं. ते घरी गेल्यावर उघडून पाहिलं.

'छान प्रश्न आहे मॅडम. बऱ्याच जणांना पडतो.'

आणि ओळीतले चारही सेल मर्ज केलेत.